हिरव्याकडे वळवलेला बाण

आमच्या ठाकुर्लीच्या रस्त्यावर परवापासून पुन्हा हळदीचे बॅनर लागले आहेत. वर आई एकविरेचा फोटो, मधोमध नवरीमुलगी, आणि खाली दोन ओळींत पंचवीस-तीस शुभेच्छुक, त्यातले निम्मे गॉगल घातलेले. एप्रिल लागला की ठाण्यापासून कल्याणपर्यंतची सगळी आगरी गावं पिवळी होतात. शेतं गेली, मिठागरं गेली, टॉवर आले, पण हळद काही गेली नाही. उलट आवाज वाढला. सोसायटीच्या ग्रुपवर डीजेबद्दल रोज तक्रारी सुरू झाल्यात. पूर्वी मीही त्यात हिरिरीने लिहायचे. गेली काही वर्षं लिहीत नाही. लांबून "हॅलो, माइक टेस्टिंग" ऐकू आलं की मी खिडकी लावून घेते.

यंदा खिडकी लावून भागणार नाही. पत्रिका थेट माझ्या टेबलावर आली आहे, आमच्या प्लांटातल्या बाळारामदादांच्या हातून. त्यांच्या धाकटीची हळद. आणि दोन-अडीच महिन्यांपूर्वी ऑफिसच्या मेलवर ती बातमीही आली होती, जिची मी अर्धी वाट बघत होते आणि अर्धी टाळत होते. व्याख्या बदलली.

कसली व्याख्या, ते सांगायला हवं. माझं काम आमच्या नातेवाइकांनाही अजून नीट कळलेलं नाही. मामा सगळीकडे सांगतो, "वैशाली पावडरच्या कंपनीत आहे," आणि लग्नकार्यात बायका मला चेहऱ्याला काय लावावं ते विचारतात. आमची पांढरी पावडर रंगात, रबरात, छपाईच्या शाईत जाते. प्लांट डोंबिवलीच्या एमआयडीसीत, ऑफिस कोलशेतला, आणि मी आठवड्यातले काही दिवस इथे, काही दिवस तिथे. पावडर ज्या देशात जाणार, तिथला कायदा विचारतो: ही 'नॅनो' आहे का? केसाच्या जाडीचे हजार भाग करा. त्यातल्या एका भागाएवढा किंवा त्याहून बारीक कण, तो नॅनो. असले कण श्वासाबरोबर फार खोल जाऊ शकतात. तिथे जाऊन प्रत्येक पावडर काय करते हे कुणालाच पुरतं ठाऊक नाही, म्हणून सांभाळून हाताळायचं. इतकी साधी गोष्ट. पण ती कायद्यात उतरली की एका देशाचं एक म्हणणं, दुसऱ्याचं दुसरं, आणि मधूनच कुठलीतरी समिती बसून व्याख्येतले चार शब्द काढते आणि पाच घालते.

म्हणून मी 'झाड' बनवलं. ऑफिसात सगळे त्याला झाडच म्हणायचे. एक्सेलच्या पानावर एकाखाली एक प्रश्न, प्रत्येक उत्तरातून निघणारा बाण, आणि शेवटी तीन रंगांची पानं. हिरवं म्हणजे साधी पावडर. लाल म्हणजे नॅनो. पिवळं म्हणजे अजून माहीत नाही, पण कळेपर्यंत नॅनोच समजून वागा. व्याख्या बदलली की तेवढी फांदी बदलायची, बाकीचं झाड तसंच. मला त्या झाडाचा इतका अभिमान होता, की नवीन माणूस रुजू झाला की चहाच्या आधी मी त्याला झाड दाखवायचे. लोकांची डोकी खातेस तू, असं आई म्हणते ते खोटं नाही.

खरी ग्यानबाची मेख तिसऱ्या प्रश्नात होती. तुमच्या पावडरीतले निम्म्याहून जास्त कण एवढे बारीक आहेत का? निम्मे, पण वजनाने नव्हे, मोजून. हा फरक मला कॉलेजात कळला नव्हता, तो आईच्या वाळवणात कळला. मे महिन्यात गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या, तेव्हा लहानपणी मी एकदा साबुदाण्याच्या डब्यात चमचाभर मैदा सांडला होता. वजन केलं तर डब्यात सगळा साबुदाणाच. पण एकेक दाणा, एकेक कण मोजायला बसलं तर सगळा मैदाच. साबुदाण्याची गणती कुठेच नाही. आमच्या प्रयोगशाळेतलं मशीन वजनाचा हिशोब सांगायचं. ते म्हणायचं, साबुदाणा. कायदा विचारत होता, मैदा किती? ते कळायला बाहेरच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून कण मोजून घ्यावे लागतात, आणि त्याला दीड-दोन महिने जातात.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाला 'हो' आणि 'नाही' यांच्या जोडीला मी आणखी एक उत्तर ठेवलं होतं: 'मोजलेलं नाही'. त्याचा बाण मी पिवळ्या पानाकडे काढला. शहाण्या माणसाने काढला असता तसाच.

काही वर्षांपूर्वीचा तो मार्च आठवतो. ऊन असं, की स्कूटीच्या सीटवर ओलं फडकं टाकून बसावं लागे. प्लांटच्या गेटाबाहेर आंब्याला मोहर संपून बारीक कैऱ्या लागलेल्या, आणि आत पॅकिंगच्या शेडमध्ये पत्र्याच्या भोकातून उन्हाचे कवडसे पडायचे. त्या कवडशांत पावडर दिसायची. एरवी दिसत नसे. हवेत काहीच नाही असं वाटायचं. फक्त संध्याकाळी घरी येऊन चष्मा पुसला की रुमालावर पांढरं यायचं. ते कवडसे बघायला मला आवडायचं, हे आता लिहितानाही लाज वाटते. सुंदर दिसायचे ते.

त्या शेडमध्ये बाळारामदादा गोण्या भरायचे. शिळ रस्त्याच्या आतल्या गावचे, कधीकाळी भातशेती असलेले, आता चाळीची चार घरं भाड्याने देणारे. पैशाची ददात नव्हती, पण घरी बसवत नाही म्हणून कामावर येणारे. तोंडाला साधा रुमाल, आणि रुमालाखाली छातीपर्यंत आलेली दाढी. ती दाढी नवसाची होती. थोरल्या पूनमचं लग्न अडलं होतं, तेव्हा त्यांनी एकविरेला बोललं होतं की पोरीला हळद लागली की डोंगरावर येऊन दाढी उतरवीन. आता लग्न ठरलं होतं, हळद महिन्यावर आली होती, आणि दादा रोज ती दाढी कुरवाळत हिंडायचे.

पिवळं पान आलं तर पॅकिंगवाल्यांना चांगले मास्क द्यावे लागणार, म्हणून मी दोन नमुने मागवले होते. रबराचे, दोन्ही बाजूंना गाळणी असलेले. असला मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटला पाहिजे. मधे केस आले की हवा कडेने आत शिरते आणि सगळं मुसळ केरात. चाचणीची रीत अशी: मास्क लावायचा, वरून एक पारदर्शक टोपडं घालायचं, आणि आत कडू औषधाचा फवारा मारायचा. तोंडात कडू लागलं तर मास्क बसला नाही. कडू लागलं नाही तर पास.

"दादा, दाढी काढावी लागेल," मी सांगितलं. सहज सांगितलं. नियमच होता आणि मी बरोबरच होते, आणि बरोबर असले की माझा आवाज जरा चढतो.

"मॅडम, आयेला बोललोय मी. एक महिना राह्यला फक्त."

"एक महिना पावडर थांबणार आहे का? तुमच्याच भल्यासाठी सांगतेय ना. देवी काय रागावणार नाही."

देवी रागावणार नाही, हे मी कोण सांगणारी? पण सांगितलं. ते हसले, मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तुळतुळीत चेहऱ्याने आले, आणि शेडमधल्या कुणी त्यांना पटकन ओळखलंच नाही. हनुवटी पांढरीफटक, वरचा चेहरा उन्हाने रापलेला. मास्क घातला, टोपडं घातलं, मी फवारा मारला. मान हलवायला लावली, बोलायला लावलं, वाकायला लावलं.

"कडू लागतंय?"

"नाय मॅडम. कायच नाय लागत."

"बरं. बघते, कळवते तुम्हाला," मी म्हटलं आणि वहीत टिक केली.

त्यानंतरच्या आठवड्यात कोलशेतच्या ऑफिसात साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, हे मुद्दाम सांगते. कोपरीला जुन्या घरात राहणारे, डबा खाताना लोणचं वाटून खाणारे. परदेशी गिऱ्हाइकाला महिनाअखेरच्या आत कागद हवा होता, आणि झाडावर पिवळं पान आलं होतं.

"वैशाली, पिवळं म्हणजे काय गं? आहे की नाही, ते सांग ना."

"मोजलं नाहीये सर. मोजायला पाठवू."

"दोन महिन्यांनी माल कोण घेणार? मशीन काय म्हणतंय? मशीन तर म्हणतंय जाडी पावडर आहे. मग माहिती नाही म्हणजे नाहीच की. आणि व्याख्या बदलणार बदलणार म्हणतात, बदलली की बघू. तुझंच झाड आहे, तूच बघ."

तुझंच झाड आहे. त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही, हे मी नंतर कितीदा स्वतःला घोळवून घोळवून सांगितलं आहे. मी टेबलाशी आले. खिडकीबाहेर खाडीकडून गरम वारा येत होता आणि कुणाच्या तरी डब्यातल्या सुकटीचा वास सुटला होता. 'मोजलेलं नाही' या उत्तराचा बाण मी माउसने धरला आणि पिवळ्यावरून उचलून हिरव्यावर नेऊन सोडला. खाली बारीक अक्षरात टीप घातली: 'मोजणी होईपर्यंत साधारण समजावे'. एवढंच. चहा गार व्हायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

हिरवं पान आलं. माझ्या सहीने कागद गेला. हिरव्याला चांगले मास्क लागत नाहीत, म्हणून मागवलेच नाहीत. दोन नमुन्यांतला एक कुठे गेला कोण जाणे, दुसरा माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला. आणि मोजायला पावडर मी कधी पाठवलीच नाही. आज पाठवू, उद्या पाठवू, आणि मग व्याख्या बदलणारच आहे तर आत्ता कशाला. चालढकल करायला इतकं सोयीचं कारण मला जन्मात मिळालं नव्हतं.

दादांना मी काहीच कळवलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. रुमाल पुन्हा तोंडावर आला, खालून दाढीचे खुंट दिसायला लागले.

तीन आठवड्यांनी मी पूनमच्या हळदीला गेले. न जाऊन कसं चालेल? "हलदीला यवाचाच हाय मॅडम," असं त्यांनी तीनदा सांगितलं होतं. उन्हं कलायच्या वेळेला पोचले. दाराशी मांडव, केळीचे खांब, चुलाण्यावर मटणाची पातेली, एका ओळीत बसून तांदळाच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायका. धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी म्हातारी, नवरीशेजारी बसून सुरात एकेका देवाला हळदीचं आवतण देत होती. अजून डीजे सुरू व्हायचा होता, म्हणून तिचा आवाज ऐकू आला. हळद मात्र सगळीकडे: पाटावर, कपाळांवर, पोरांच्या केसांत, माझ्या पांढऱ्या ओढणीवर. कशालाही हात लावा, हात पिवळा. मी मनात म्हटलं, ही पावडर बरी, लागली की दिसते तरी.

दादांची बायको पाणी घेऊन आली. ठसठशीत कुंकू, अंगभर दागिने, आणि नवऱ्याकडे न बघता बोलायची तऱ्हा.

"तुमच्या कंपनीन असा काय काम हाय वो, का मानसाची दाढी काढाला लावतान? आयेची दाढी कंपनीला देऊन आला ह्यो. आता डोंगरावर काय नेनार, खुंट?"

मी दादांकडे बघितलं. ते सांगू शकले असते की याच त्या मॅडम. ते म्हणाले, "मॅडमना जेवाला वाढ आधी. लांबशी आल्यात." आणि मी जेवले. मटण, भाकरी, पुन्हा मटण. वहिनी आग्रह करत होत्या आणि मी नको नको म्हणत जेवत होते, आणि दाढी काढायला लावणारी मीच, हे मात्र सांगितलं नाही.

नंतर हळदीचे मोसम आले आणि गेले. दादांना खोकला लागला, तो गेला नाही. तसा मोठा काही नाही. बोलता बोलता येतो, पाणी प्यायलं की थांबतो. डॉक्टरने छातीचा फोटो काढला, म्हणाला फार काही दिसत नाही, धूळ टाळा. तंबाखू तर ते खातातच. पावडरीने झाला असं कुणी सांगू शकणार नाही, पावडरीने नाही झाला असंही नाही. एकदा शेडमध्ये कुणीतरी थट्टेत म्हणालं, "दादांचा खोकला नवसाचा आहे." मग कळलं, ही थट्टा नव्हतीच. वहिनी खरंच तसं मानतात: आयेचा शब्द मोडला, म्हणून खोकला मागे लागला. ते ऐकून मी ड्रॉवर उघडला, मास्क बघितला आणि ड्रॉवर बंद केला.

आता व्याख्या खरंच बदलली. कंपनीने माझं एक्सेलचं झाड निवृत्त करून बाहेरून एक चकाचक सॉफ्टवेअर घेतलं आहे. ते सगळ्या देशांच्या व्याख्या एकदम तपासतं, आणि 'मोजलेलं नाही' म्हटलं की सरळ पिवळं दाखवतं. त्याचा बाण कुणाला हलवता येत नाही. म्हणून या वेळी पावडर मोजायला पाठवावीच लागली. फोटो आले. द्राक्षांच्या घडासारखे कणांचे पुंजके, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक मणी शंभर नॅनोमीटरच्या, म्हणजे केसाच्या त्या हजाराव्या भागाच्या, आतला. निम्म्याहून जास्त? निम्म्याचा प्रश्नच उरला नाही. लाल.

साहेब आता निवृत्तीला आलेत. त्यांनी अहवाल वाचला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून मऊ आवाजात म्हणाले, "अगं, व्याख्या बदलली, म्हणून वर्गीकरण बदललं. तुझा काय दोष त्यात?"

सॉफ्टवेअरलाही नेमकं हेच हवं होतं. वर्गीकरण बदललं की ते कारण विचारतं आणि चार पर्याय पुढे करतं. पहिलाच पर्याय: व्याख्येतील बदल. एक क्लिक केलं की सुटका. पण मी नवी आणि जुनी व्याख्या शेजारी शेजारी ठेवून वाचली. कितीतरी शब्द बदललेत. निम्म्याचं वाक्य बदललेलं नाही. आमची पावडर त्या मार्चमध्येही लालच होती. व्याख्येने मला फसवलं नाही. मी व्याख्येच्या आड लपले.

दोन दिवस तो चौकोन मी रिकामा ठेवला. मग चौथा पर्याय निवडला, 'इतर', आणि लिहिलं: मोजणी केली नव्हती, मोजणी नसताना साधारण धरण्याचा निर्णय माझा होता, तो जुन्या व्याख्येनुसारही चूक होता. खाली माझं नाव आपोआप आलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि मंजुरीचं बटण दाबलं. पुढे माझं काय करायचं ते वरचे ठरवतील. त्याची मला भीती वाटते, पण ती दुसऱ्या नंबरची भीती आहे.

पहिल्या नंबरची भीती पॅकिंगच्या शेडमध्ये उभी होती. दाढी पुन्हा छातीपर्यंत आली आहे, आता पांढरी. धाकटीसाठी पुन्हा तोच नवस. मी काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेले. दादा गोण्यांच्या थप्पीला टेकून डबा बांधत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. झाड, बाण, हिरवं, पिवळं. हातवारे करून, नको तितकं समजावून, मधेच माझा आवाज चढला आणि मीच तो खाली आणला. शेवटी म्हटलं, मास्क येताहेत, आणि दाढी काढायची नाही. डोक्यावरून घ्यायचा, कमरेला पंखा लावलेला असा मिळतो. त्याला दाढी चालते. तो तेव्हाही मिळत होता. मी शोधलाच नव्हता.

दादांनी डब्याची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. थोडं खोकले.

"म्हनजे तवा मास्क आला नाय, त्यो ह्या बानाने?"

"हो."

"मना वाटला, माजाच तोंड बसला नाय त्यान," ते म्हणाले. "तुमी बोललाव ना, कळवते. मंग कायच बोललाव नाय. मी बोललो, नापास झालो आसन. इचाराची लाज वाटली."

इतकी वर्षं. मी माझ्या अपराधाच्या हजार घड्या घालून बसले होते, पावडर, फुप्फुसं, कायदा, सही, आणि ही एक घडी माझ्या लक्षातसुद्धा आली नव्हती. चाचणीत पास झालेल्या माणसाला मी निकालच सांगितला नव्हता.

"तुम्ही पास झाला होतात, दादा," मी म्हटलं. "कडू लागलं नव्हतं ना तुम्हाला? तुम्ही पास होतात."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. रागावतील, ओरडतील, निदान तोंड फिरवतील असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं.

"शनवारी हलदीला याल ना," ते म्हणाले, "तवा तेवरा घरान सांगाल? ती आजून बोलते, दाढी मी उगाच काढली."

मी हो म्हणाले. ड्रॉवरमधला मास्क बाहेर काढून बघितला. रबर चिकट झालंय, गाळण्या पिवळ्या पडल्यात, कुणाच्या कामाचा नाही. तरी पिशवीत घातला आहे. वहिनींना झाड आणि व्याख्या सांगून काही कळायचं नाही, आणि कळायची गरजही नाही. दादा पास झाले होते, हे सांगेनच. शिवाय वहिनींना एवढंच सांगायचं आहे की दाढी काढायला लावणारी मी होते, आणि त्या दिवशी तुमच्या घरी मी पोटभर जेवून गप्प बसले होते. दोनच वाक्यं आहेत. कालपासून पाठ करते आहे, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्यावर अडते.